रकाना नऊ

दित्या रविवारी जन्मला, म्हणून दित्या.
बालगृहाच्या रजिस्टरात त्याचा आदित्य झाला,
केस बारीक झाले,
आणि घरची बोली जेवणाच्या रांगेत
उभी राहून राहून मुकी झाली.

धडगावच्या वरच्या पाड्यावरून मामी आली, सायकी,
शहाद्याला एसटी बदलून, नंदुरबारला.
समितीसाठी पिशवीभर आमचूर.
मी म्हटलं, इथं काही घेत नाहीत.
म्हणाली, पोर तर घेतलं की.

रकाना नऊ : मुलासाठी स्वतंत्र खोली आहे काय?
कुडाचं घर, एक चूल, सात माणसं,
कुडापलीकडे शेळ्या.
‘लेकराला एकटं कशाला निजवायचं?’

फॉर्मच्या पाठीवर मी हिशेब मांडला :
बालगृहाला त्याच्यापायी महिन्याला जे मिळतं
त्याच्या निम्म्यात
मक्याचं पोतं, शाळेची चप्पल, चार पत्रे.
कुठल्याच रकान्यात बसेना,
तरी साहेबांपुढे फॉर्म उलटाच ठेवला.

तीन तारखा गेल्या.
चौथीला सही.

जिन्यावर सायकीनं त्याला पावरीत काही विचारलं.
तो शब्द शोधत राहिला,
ओठ हलवत, बराच वेळ.
मग नुसतं बोट केलं
आमचुराच्या पिशवीकडे.