पावणेसातचा भोंगा

सड्यावर कंटेनर उतरवण्याआधी
सुभेदार बिश्त म्हणाले, पहिल्यांदा दोर बांधा
त्या माशाभोवती. चाक जायला नको वरून.
दहा हात लांब मासा, जांभ्यात खोदलेला,
बाजूला एक गोल, रेषा, पुन्हा गोल.
कुणी कुणाला काय कळवलं होतं देव जाणे,
किल्ली हरवली ती हरवलीच.
उघड्यावर पडलाय निरोप
आणि एकालाही वाचता येत नाही.
कॅप्टन कैकिणी हसल्या :
हे जमलं पाहिजे आपल्याला.

आम्ही त्याला क्लाउड म्हणतो.
आभाळात काही नसतं.
असतं ते लोखंड, पंखे, निळे दिवे,
जनरेटरची धडधड आणि खारं वारं,
चार दिवसांत स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस बसणारं.
(मी खोबरेल लावतो. नियमात नाही. चालतं.)
असाच एक डबा जहाजावर, एक घाटमाथ्यावर,
एक कुठे ते मलाही ठाऊक नाही.
निरोप येतो, त्याचे तुकडे होतात,
तुकड्यांना कुलुपं लागतात, कुलुपं सारखी बदलतात,
आणि डोंगरात दबा धरून बसलेल्या पोराच्या
हातातल्या काचेवर पुन्हा सलग उमटतं :
पूल मोकळा. पुढे सरका.
वाटेत कुणी ओंजळ धरली तर
तिच्यात नुसता भुसा.
परवा लाल पक्षाने घाटावरचा डबा उडवला,
म्हणजे कागदावर. पंचांनी शिट्टी फुंकली
आणि अकरा सेकंदांत सगळं बोलणं जहाजाकडे वळलं.
अकरा सेकंद मी श्वास घेतला नव्हता.

सड्याच्या टोकाला गेलं की खाली खाडी,
पलीकडे खोलबंदर, जेटी, बर्फाचा कारखाना,
त्यामागे उंडीचं झाड,
झाडामागचं तिसरं छप्पर आमचं.
पाच वर्षं लडाख, जैसलमेर,
आणि आता सरावासाठी आणून ठेवलंय
घराच्या अगदी समोर, तोंडाला कुलूप घालून.
दुर्बिणीतून एकदाच पाहिलं.
आई अंगणात सुकट उलटत होती.
दुर्बीण पुसून जागेवर ठेवली.

रविवारी तीन मिनिटं, परवानगीच्या फोनवर.
जेवलास काय रं?
जेवलो.
काय व्हता?
राजमा. (खरंच राजमा होता.)
थंडी हाय तकडं?
आहे थोडी, म्हणालो.
घाम मानेवरून उतरत होता.
ती सांगत होती, पद्याच्या होडीचं इंजिन बसलं,
बांगडा लागत नाही यंदा,
आणि तेवढ्यात झाला भोंगा.
मध्येच अडखळतो तो,
म्हाताऱ्याला ढास लागावी तसा,
मग पुन्हा उचल खातो. जगात दुसरा नाही असा.
माझ्या उजव्या कानात फोनमधून,
मग डाव्या कानात, खाडीवरून चालत आलेला.
तिला आधी खिडकीतून,
मग माझ्याकडून.

आई थांबली.
मी सेकंद मोजले, सवयीने. चार.
लय लांब हैस तू, ती म्हणाली. सावकाश.
संबाळून ऱ्हा.
आणि चाळीस सेकंद शिल्लक असताना
फोन ठेवला.

रात्री नोंदवहीत तो रकाना असतोच :
गळती आढळली काय?
पेन बराच वेळ कोरडंच धरलं. मग लिहिलं :
परिसरातला आवाज फोनवरून बाहेर गेला.
फोनची जागा बदलावी.
खाली सही, हुद्दा, वेळ.
कुणी ऐकला, तो रकाना नव्हता.

पुढच्या रविवारी फोन कंटेनरच्या आत,
दोन रॅकच्या फटीत, पंख्यांच्या ऐन तोंडाशी.
पावणेसात कधी वाजून गेले कळलं नाही.
वारा लय हाय रं तकडं, आई म्हणाली.
हो, म्हणालो, फार.
इथं पण, ती म्हणाली,
इथं पण तसाच सुटलाय.

बाहेर आलो तर
सड्यावरचं गवत काडीनेही हलत नव्हतं.