बाकी

मला भागाकार उशिरा आला.
लश्करच्या शाळेत तो सुरू व्हायच्या आत
आमचं सामान बांधलं जाई,
आणि इंदुरात पोचावं तर तिथल्या बाई
फळा पुसून अपूर्णांकांवर गेलेल्या.
बारा भागिले दोन सहा, हे मला पटलंच नसतं.
आमच्या वर्षाचे तुकडे साडेसहा आणि साडेपाच,
मोठा ग्वाल्हेरचा, थंडीचा,
धाकटा इंदूरचा,
आणि मधल्या त्या एका महिन्यावरून
लघाटे वकील आणि माझे मामा
एकमेकांना नमस्कारसुद्धा मोजून करत.

बाबांच्या ताब्यात दफ्तराच्या पेट्या.
सागवानी, कोपऱ्यांना पत्रा,
एका अंगाला काळ्या रंगात ग्वा., दुसऱ्या अंगाला इं.
मालडब्यात चढवताना हरगोविंद
जायच्या गावाचं अंग बाहेर करी.
राज्य हलवणं म्हणजे एवढंच, असं मला वाटे:
दोघांनी उचलायचं,
तिसऱ्यानं "संभाल के" म्हणायचं.

शेवटच्या थंडीत वाद आमच्या ओसरीवर आला.
लघाटे म्हणाले, किल्ला काय उगाच उभा आहे?
मामा म्हणाले, किल्ल्यावर कर बसत नाही,
गिरण्यांवर बसतो.
लघाट्यांनी गजक पुढे केली.
मामांनी पिशवीतून शेवेची पुडी काढली.
आई आतून म्हणाली,
जिथे चूल एकदाच मांडावी लागेल तिथे न्या.
तिचं मत कुणी धरलं नाही.
बाबा किल्ल्या मोजत होते,
चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

नाव आलं ते तिसरंच.
भोपाळ आमच्या लेखी रात्रीचं स्टेशन,
बाबांनी उतरून सुरई भरायची,
शिट्टी झाली की आईनं जीव मुठीत धरायचा.
वर्षातून दोनदा आम्ही राजधानीतून गेलो होतो,
झोपेत.
त्या दिवशी लघाटे नि मामा
पहिल्यांदा एका बाकावर बसले.
पेटीला चार अंगं असतात
हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्या अंगावर बाबांनी स्वतः ब्रश फिरवला.
रंग वाळायला वेळ नव्हता.
हरगोविंदच्या सदऱ्यावर
तो सदरा फाटेपर्यंत उलटा भो. होता.

बाबा गेले, त्यांची मनीऑर्डर येऊ लागली.
आणि मी माझ्या गावाचा मे महिना
दहा वर्षांची झाल्यावर पाहिला.
दुपारी सराफ्यात कुत्रं नाही.
रात्री अकरालाही गच्चीचा दगड
पाय ठेवू देईना.
दार किलकिलं करून आई म्हणाली, ही लू,
जणू नात्यातलीच कुणी
इतके दिवस भेटायची राहिली होती.

लघाट्यांकडे पक्षकार कमी झालेले.
सुट्टीभर त्यांनी मला भागाकार शिकवला.
मोठी संख्या आत. वाटेकरी बाहेर.
भाग जाईल तेवढा घालवायचा,
खाली उरतं ते पुसायचं नाही, त्याला बाकी म्हणतात.

मी विचारलं, ती कुणाला देतात?

वकिलांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला,
परत लावला.
म्हणाले, पुढचं गणित घे.