ऐंशीपैकी

गजभियेकाका फटाका फोडतात.
धावपट्टीवर बसलेले रोही
उपकार केल्यासारखे उठतात, तुरीत शिरतात.
मग विमान जागेवरच दहा मिनिटं चालवायचं,
थंड इंजिन खोटं बोलतं,
निदान नेवारे सर तसं म्हणतात.

शेडमध्ये आणून काऊलिंग उतरवलं.
मॅग्नेटो बंद. चावी माझ्या खिशात,
तरी सर विचारतात. दोनदा.
वरचे चार प्लग ट्रेमध्ये, आपापल्या नंबरावर.
प्लगच्या भोकावर अंगठा धरून
पंखा हळू फिरवायचा, चटके सोसत;
आतली हवा अंगठा ढकलू लागली
की समजायचं, पिस्टन वर येतोय.

माझं काम पातं धरायचं.
हवा आत सोडली की ते उसळतं,
पहिल्यांदा जू पाहिलेल्या गोऱ्ह्यासारखं.
पाय रोवायचे, अंग पात्याच्या वाटेबाहेर.
दोन घड्याळं: एकात ऐंशी,
दुसऱ्यात त्यातले आत किती टिकले ते.
शहात्तर, मी वाचते. सर लिहितात.
तीन नंबर, चौऱ्याहत्तर.
दोन, पुन्हा चौऱ्याहत्तर.
चार.
काटा चढला, थबकला,
विचार बदलल्यासारखा घसरत
बावन्नवर येऊन बसला.

सर येऊन पातं धरतात.
"जाय. आयक."
नेहमीचंच. दोन वर्षं झाली,
चुकार हवा शोधायला मलाच पाठवतात.
कार्बोरेटरच्या तोंडाशी कान लावला: काही नाही.
तेल भरायच्या नळीत
म्हाताऱ्या माणसाच्या झोपेएवढा श्वास,
तेवढा चालतो, पुस्तकातही चालतो.
एक्झॉस्टशी अजून वाकलेही नव्हते
तोच दारातून गजभियेकाका काठी घेऊन आत आले,
"साप हाय का जी शेडमधी?"

एवढा मोठा फूत्कार.
आणि सर हातभर अंतरावर,
पातं घट्ट धरून, चेहरा कोरा,
माझ्या ओठांकडे बघत.
"सांग व. कुठून?"

दोन वर्षं मला वाटायचं
ही तोंडी परीक्षा आहे.
मी पास होतेय म्हणून
मनातल्या मनात गुण मोजायची.

"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह," मी म्हटलं,
तोंड नीट उघडून, एकेक अक्षर.
त्यांनी मान हलवली. थोडी जास्त वेळ.
काका काठी टेकवून उभे होते,
त्यांनी छपराकडे पाहिलं.

फोन वाजला. सरांनी खिशातून काढला
(खिसा थरथरतो, ते आता कळलं)
आणि माझ्या हातात दिला, "तूच बोल."
मॅनेजर. उद्या तीन पोरांची सोलो आहे.
एक मुलगी सिरोंच्याहून आलीय, तिचे आईवडील बघायला येणार.
साठच्या आसपास म्हणा ना, मॅडम.
पहिल्यांदाच कुणी मला मॅडम म्हणालं.
सरांना ऐकू जाणार नव्हतं. काय बोलले असते मी,
कुणालाच कळणार नव्हतं.
कान मला बाबांच्या चक्कीनं दिलेत,
ज्वारी दळताना पट्टा कसा बोलतो,
मिरची दळताना कसा,
आणि तुटायच्या आदल्या दिवशी कसा.
"बावन्न," मी म्हटलं. "ऐंशीपैकी."

फिरून गरम केलं, फिरून मोजलं.
एक्कावन्न.
सिलिंडर उतरवायचा, नागपूरला पाठवायचा.
सरांनी वहीत लिहिलं
त्या सरळ, जुन्या, शाळेतल्या अक्षरात.
सही केली. मग पेन माझ्याकडे.
त्या रकान्यात आजवर दुसरं नाव आलं नव्हतं.
"कोनं आयकलं, तेबी लिवा लागते."
असा नियम नाही. मी लिहिलं.

दुपारी नट सोडवत होतो.
सरांनी एकदम पाना खाली ठेवला,
शेडच्या पत्र्यावर तळहात टेकवला.
मग मला ऐकू आला, लांबून,
कोळसा खाणीतला स्फोट.
"दोन वाजले," ते म्हणाले. "चाल, जेवू."