अंदाज

डांबरी रस्ता संपतो तिथे हेगडालबाईंचं शेत.
पुठ्ठ्यावर ब्रशने लिहिलेलं:
भोपळे. सायडर. बकऱ्यांना काही खाऊ घालू नये.
बकऱ्या तरीही कुंपणाला नाक लावून उभ्या.
ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, विस्कॉन्सिनचं ऊन असं
की पाठ भाजते
आणि सावलीत बोटं गारठतात.

दोन गाड्यांतून आलो आम्ही.
डर्क त्याच्या ट्रकमधून,
मी बाबांना आणि मुलांना घेऊन.
मार्चमध्ये गायी विकल्या तेव्हापासून
माझं नि भावाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य;
मधोमध बाबा,
दोघांच्याही फोनवर नुसतं "हो, हो" म्हणणारे.

परवाच्या दहिवराने वेली काळ्या पडल्यात,
पानं मेलीत,
आणि सगळे भोपळे एकदम उघडे,
झोपलेल्यांच्या अंगावरून कुणी चादर ओढावी तसे.
मॅव्हिसला पांढराच हवा, चामखिळी असलेला.
टोबिनला जो उचलत नाही तो.

बाबा सऱ्यांमधून पुढे.
काठी गाडीत "राहिली".
वाकतात, तळवा ठेवतात, बोटांनी ठोकतात,
कान लावल्यासारखं थांबतात,
गोठ्यात गाभण गाईच्या पोटाशी थांबायचे तसे.
"ही भरलीये," म्हणतात.
भोपळ्याला ही.
आम्ही कुणी दुरुस्त करत नाही.

कोठारात गुरं तोलायचा जुना काटा,
त्यावर यंदाचा सर्वांत मोठा भोपळा,
एका बाजूने बसका, दमून टेकलेल्या माणसासारखा.
वजन ओळखा, सायडरचा कॅन जिंका.
लोक काय वाट्टेल ते बोलत होते. सहाशे. हजार.
बाबांनी डोळे बारीक केले:
"चारशे बारा."
निघालं चारशे नऊ.
टाळ्या. टोबिन तर उड्याच मारू लागला.

"आणि तुमचं किती, आजोबा?"
चौघांनी मिळून भोपळा खाली उतरवला होता.
बाबांनी स्वतःकडे पाहिलं,
बाजारात दुसऱ्याचं वासरू पाहावं तसं.
"एकशे साठ."
टोपी काढून हातात घेतली, चर्चमध्ये शिरताना घेतात तशी,
आणि चढले.

एकशे एकतीस.

कुणी बोललं नाही.
हेगडालबाईंना अचानक कागदी पेले मोजायचे होते.
मला तेव्हा त्यांचा पट्टा दिसला,
खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं,
ओळीतसुद्धा नाहीत.
"चुकलात!" टोबिन आनंदाने ओरडला.

डर्क वळला आणि बाहेर निघून गेला.
गेला, म्हटलं. नेहमीसारखा.

तो आला तो कुशीत एक भोपळा घेऊन,
बुडाला अजून माती.
काही न बोलता बाबांच्या हातांत दिला.
काटा सरकला. एकशे अठ्ठावन्न.
डर्कने खिसे चाचपले,
मागच्या खिशातून लोखंडी पाना काढला
आणि भोपळ्यावर अलगद ठेवला.
एकशे साठ.

"बरोबरच होतो मी," बाबा म्हणाले.

ते उतरले तसा काटा मागे पळाला,
जरा थरथरला,
आणि भोपळ्यावर येऊन थांबला.

बारा डॉलर झाले.
दोघांनी एकदमच पाकिटं काढली;
सहा त्याचे, सहा माझे,
माझ्यातले दोन तर सुट्टी नाणी.
हेगडालबाईंनी ती सावकाश मोजली.

गाडीपाशी बाबा टोबिनला शिकवत होते:
"देठाला धरून उचलायचं नाही. देठ दगा देतो.
खालून हात घाल. दोन्ही. हं, असा."
मागच्या सीटवर भोपळा बसला, पट्टा लागला.
मग डर्कने बाबांना बसवलं.
आरशात मला फक्त त्याचे हात दिसले,
खालून घातलेले, दोन्ही.

तो भोपळा आम्ही कोरला नाही.
नोव्हेंबरभर तो बाबांच्या पायरीवर होता,
मग त्यावर बर्फाची टोपी,
मग एका रात्री हरणं आली.
डर्कने फोन करून सांगितलं.
"काही ठेवलं नाही रे?" मी विचारलं.
"देठ आहे," तो म्हणाला,
आणि फोन ठेवायचा राहिला,
बराच वेळ.