पासिंग

उद्यमनगरात गाडी ढकलतच नेली.
इसाक मिस्त्री आधी काही बोलला नाही. टाकीवर टिचकी मारली,
चाक हलवलं, मग माझ्याकडं असं बघितलं
की गंज मलाच चढलाय.
हॉर्न न्हाई. डावा इंडिकेटर न्हाई.
मागचा लाल रिफ्लेक्टर काय कोंबडीनं खाल्ला?
आणि हा आवाज, आक्का, असल्या आवाजात पासिंग मागाय जायचं
म्हंजे खोकत खोकत डाक्टरला सांगायचं, बरा हाय.

सायलेन्सरच्या पोटातनं मूठभर काजळी निघाली.
सीट उचकटली तर मुंग्या.
ओळीनं, बिनघाईच्या, जुन्या भाडेकरूंसारख्या.
आण्णा गूळ मार्केटात तोलाईदार होते.
दिवसभर रवे काट्यावर चढवायचे, उतरवायचे,
आणि चिकट पायजम्यानं ह्याच सीटवर बसून घरी.
काटा सुटून अकरा वर्षं झाली.
मुंग्यांना कुणी कळवलं नाही.

वर्षातनं एकदा काट्याचीही पासिंग असायची.
माप खात्याचा माणूस वजनं घेऊन यायचा,
पितळेची, फडक्यात गुंडाळलेली,
आणि आदल्या रात्री आण्णांना जेवण जायचं नाही.
काटा खोटा न्हाई गं, म्हणायचे, पर कुणी बघाय लागलं
की आपल्यालाच आपला संशय येतो.

मोरेवाडीच्या माळावर ऊन सरळ उभं.
पुढं टेम्पो, दोन रिक्षा, शाळेची पिवळी बस,
एक ट्रॅक्टर, ज्याचे फक्त टायर नवे.
मॅडम नगरकडच्या. खिशाला तीन पेनं.
चेसीसवर कागद धरून पेन्सिल घासायला लावली:
आधी नुसता राखाडी ढग, मग ढगातनं एक सात,
एक शून्य, आणि एक आकडा
जो तीन असेल किंवा आठ.
नखानं रंगाचे पापुद्रे काढले. आठ.
त्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत जा, म्हणाल्या, आणि थांबा.
आण्णांनी मला कधी शिकवलं नव्हतं. मागं बसून
त्यांच्या पायांकडं बघत शिकलो होतो.
गेलो. थांबलो. पट्टा चाकाखाली येता येता राहिला.
थांबलो का बरोबर? विचारलं तर त्यांनी
अधिकारपत्रावरचं माझं नाव पुन्हा वाचलं. शालन.
आमच्याकडं बायका असंच बोलतात, म्हटलं.
थोड्या हसल्या.

मग आरसी बुक. मग गाडी. मग परत आरसी बुक.
इथं रंग काळा लिहिलाय.

गेल्या खंडेनवमीला आण्णांनी स्वतः मारला होता रंग.
काट्याच्या खांबाचा उरलेला डबा, हिरवा,
त्यांना वाटलं शेजारचा.
डोळे तेव्हा नुकते जायला लागलेले, कडेकडेनं,
उंदीर भाकरी कुरतडतो तसे.
कशी दिसत्या?
आई म्हणाली, काळीभोर.
मी म्हटलं, काळीभोर.
धाकटा तर म्हणाला, आरशागत तोंड दिसतंय.
एकदा म्हटलं की मग घरात रोज म्हणावं लागतं.

ब्रेक ठीक. दिवा ठीक. हॉर्न ठीक.
रंग नोंदीप्रमाणे नाही.
उचललेला शिक्का मॅडमनी परत पॅडवर ठेवला.
एकतर मूळ रंग मारून आणा,
नाहीतर रंग बदलल्याचा अर्ज करा.
त्यावर मालकाची सही लागते. कारणासकट.

परत येताना दसरा चौकात उजवीकडं वळलो
तर इंडिकेटरबरोबर हॉर्नच सुरू झाला.
इसाकनं कुठली वायर कुठं जोडली देव जाणे,
पण अख्खा चौक बाजूला झाला माझ्यासाठी.

आण्णा पायरीवरच बसलेले. टाकीवर तळवा टेकवला.
लै तापली. काळ्या रंगाला ऊन धरतंयच.
झाली पास?
झाली, म्हटलं. एक सही राहिल्या.

अर्धा लिटर काळा आणलाय,
एक ब्रश, पॉलिश पेपर एकशेवीस नंबर.
रात्री ते झोपले की मारीन. सकाळपर्यंत वाळेल.
वासाचं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.