झिजेचा रकाना

डंपाच्या उतारावर आम्ही सायकलचे स्पोक रोवलेत,
एकशे बारा.
घुग्घुसच्या कवडू मिस्त्रीकडून किलोवर आणलेले.
वाकडे होते ते त्यानंच परत घेतले,
म्हणाला, मापाला वाकडं चालत नाही.

टोक जमिनीसरसं ठेवून ठोकायचं.
दर पंधरवड्याला पट्टी घेऊन चढायचं.
स्पोक जेवढा उघडा पडला, तेवढी माती गेली.
एवढंच माझं काम:
गेलेलं मोजणं, आणि रकान्यात लिहिणं.
माझा बाप इथेच डंपर उलटे करायचा,
तीन पाळ्यांत, अकरा वर्षं.
घरी हे आम्ही बोलत नाही.

सोबत अंतकलाबाई कोडापे.
तिची हजेरी वाळ्याच्या रोपांवर,
पण स्पोक आधी तिलाच दिसतात.
ती या टेकडीला टेकडी म्हणत नाही.
"पालथं वावर हाये हे.
खालचं वर आन् वरचं खाली.
माह्या सासऱ्यानं हीर खांदली, तवा
चाळीस हातावर हेच लागलं होतं,
राखोंडी, चोपडं.
तवाच सांगतलं त्यानं, याच्यात कायी येत नाही."

वरची काळी माती वेगळी काढून ठेवली होती,
सात वर्षं, सायडिंगच्या मागे.
ती आणून पसरली त्या दिवशी
अंतकलाबाईनं मूठभर उचलून हुंगली
आणि काहीच बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी घरून दोन पाट्या शेण आणलं,
पहिल्या ओळीत टाकलं.
मस्टरवर त्या पाट्या नाहीत.

आषाढ सरता सरता एका रात्रीत सत्तर मिलिमीटर झाला.
सकाळी उतारभर ओघळ,
पिऊन कोणी नांगर धरावा तसे.
केरळातून ट्रकनं आलेली काथ्याची जाळी
एका कोपऱ्यातून सुटून
नवार निघालेल्या बाजेसारखी लोंबत होती.
सतरा नंबर: एकोणतीस.
अठरा: एकतीस.
एकोणीस: स्पोक नाही,
तो रोवला होता ती जागाच नाही.
मी लिहीत गेलो.

दोन वाजता ब्लास्टिंगचा भोंगा झाला.
नियमाप्रमाणे बसून घेतलं.
जमीन एकदा आतून ढकलल्यासारखी झाली,
स्पोक झिणझिणले.
तिनं तेवढ्यात डबा उघडला. तरोट्याची भाजी.
तरोटा डंपाच्या पायथ्यालाही आलाय,
कोणी न लावता.
विचारलं, इथलाच का?
"नाही जी, गावाकडचा.
इथला खावा का नाही,
ते तुमच्या लॅबवाल्याले इचारा."

मग चव्वेचाळीस सापडेना.
वाळ्याच्या ठोंबाच्या वरच्या अंगाला हवा होता.
मी 'हरवला' लिहिलं.
तिनं बोटानं उकरलं.
नखाएवढ्या खोलीवर टोक लागलं.
"हरवला कायले म्हनता? बुडला हाये."

वरून आलेला गाळ ठोंबानं धरला होता,
ओला, सायीसारखा जाड,
त्यात एक काडी, बकरीची एक लेंडी.
पट्टी लावली. चार मिलिमीटर.

छापील कागदावर रकाना एकच, झीज.
वाढीचा कोणी आखलेला नाही.
पेन्सिल हातात धरून बसलो थोडा वेळ.
'हरवला' खोडलं,
लिहिलं, वजा चार.

"वजा म्हंजे गेली का?"
नाही, आली.
"मंग वजा कायले?"

मला सांगता आलं नाही.
तिनं उकरलेली माती परत लोटली,
वरून तळहातानं थापली,
तान्ह्याच्या टाळूवर तेल थापतात
तेवढ्याच जोरानं.

खालून पाण्याचा टँकर पहिल्या गिअरमध्ये
चढत होता.
पंचेचाळीस लगेच दिसला.
उघडा. सहा.