स्लीव्ह, नग दोन

गुरुवार. धायरीत लाईट नाही.
म्हणूनच तांडेलसाहेबांना आजचा वार दिला,
लेथ बंद असले की बाबांना जरा ऐकू येतं.

साहेब म्हणजे तिशीतलं पोरगं.
किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रातून आलंय,
लाकडी खोक्यात, भुशात निजवून
आमचीच एक स्लीव्ह घेऊन.
समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाची. ब्राँझ.
गळ्यात हिरवा टॅग : तपासले, बाहेर नेण्यास हरकत नाही.

बाबांनी ती सव्वीस वर्षांपूर्वी कातली.
मी तेव्हा नववीत, शाळा सुटली की
इथे बसून तुकड्यांचं वजन लिहायचे.
केंद्र त्यांनी कधी पाहिलं नाही.
फक्त ड्रॉइंग, आणि पेमेंट, नव्वद दिवसांनी.

"केंद्राचं आयुष्य वाढवायचं चाललंय," तांडेल म्हणाला,
"तीस वर्षं धरली होती. आणखी दहा मागतोय."
कुणाकडे, बाबांनी विचारलं.
तो हसला. समिती आहे म्हणाला.

मग बाबांनी चष्मा कपाळावर सारला
आणि स्लीव्ह उचलली,
तांबट आळीतला माणूस हंडा उचलतो तशी,
आत मूठ घालून. हात थरथरतो हल्ली.
मायक्रोमीटर मी धरला, आकडा मी वाचला.
त्यांनी तो आधीच बोट फिरवून सांगितला होता.
"तीन दशांश गेलंय. एकाच अंगाला.
शाफ्ट वाकलाय तुमचा, समुद्राला नावं ठेवू नका."
आणि कुणी अडवायच्या आत
अंगठा जिभेला लावला.
"अजून खारट आहे."

तांडेल खिडकीशी गेला. त्याचे आजोबा म्हणे
गरम पाणी सुटतं त्या तोंडाशी डोल लावायचे.
आधी बोय यायची. मग येईना.
मग भलतीच मासळी, जिला गावात नाव नव्हतं.
"लोक विचारतात, कधी बंद करणार.
काका, बंद केलं तरी ते बंद होत नाही.
आतलं इंधन वर्षानुवर्षं तापलेलं.
पाणी फिरवत बसावंच लागतं."

बाबा म्हणाले, "भट्टीतनं काढलेला पत्रा
लाल असतो तोवर कुणी शिवत नाही.
काळा पडला की पोरं हात लावतात."
डावा तळवा उघडून दाखवला.
डाग सहाव्या वर्षीचा.

फॉर्म माझ्यापुढे. नग : दोन. धातू : पूर्वीप्रमाणे.
अपेक्षित आयुष्य : मोकळी जागा, आणि शेवटी छापलेलं, वर्षे.
बाबा बाहीवरचा भुसा झटकत होते.
मी दहा लिहिलं. खोडलं.
तांडेल म्हणाला, ताई, पेन्सिलीने लिहा,
समिती बदलते.

साडेचारला लाईट आली.
दोन नंबरच्या लेथचा खटका कुणीतरी चालूच ठेवलेला.
चकात काही नव्हतं, तरी तो गरगर फिरायला लागला.
बाबा काहीतरी विचारत होते.
ओठांवरून वर्षे एवढंच कळलं.
मी मान हलवली,
हो.